देवीनं मला काहीही दिलेलं नाही

संपादकांनी पत्रातच विषय ठरवून पाठवला आहे: 'संकटांनी मला काय दिलं'. लेख दसऱ्याच्या आत हवा, सोबत एक फोटो हवा. फोटो पाठवत नाही. ज्यांनी माझा चेहरा पाहिला आहे त्यांना तो पुरे झाला, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांचा दिवाळीचा फराळ मी कशाला कडू करू? विषयावर मात्र बोलायचं आहे, आणि गोड बोलायला जमणार नाही हे आधीच सांगून ठेवते.

या भानगडीचं मूळ गेल्या चैत्रातल्या माझ्या सत्कारात आहे. तालुक्याच्या गावी मांडव घातला होता. शाल झाली, नारळ झाला, मग एक वक्ते उठले. म्हणाले, "या बाईंना आठव्या वर्षी देवी आल्या. एक डोळा गेला, रूप गेलं. पण ते संकट आलं नसतं तर या मेंढ्यांमागेच राहिल्या असत्या. संकटानं यांना घडवलं." मग सोनं आलं, आग आली, ऐरण आली, हिरा आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीत बसून शालीची झालर मोजत होते. मला चार शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "साहेब, आता जगातनं देवी गेल्या, न्हाई तर तुमच्या नातवाला आणून दिल्या असत्या. घडला असता चांगला."

वक्ते पाणी प्यायले. संपादक तिथेच बसले होते, पोट धरून हसले, आणि तरीसुद्धा मला विषय दिला तो हाच! आता भोगा.

नोकरी मी पस्तीस वर्षं केली, त्यातली निम्म्याहून जास्त देवी काढण्यात गेली. देवी काढणं म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचणं, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं, कारण त्यांनी तो रोगही पाहिला नाही आणि माझ्यासारखी तोंडंही फारशी पाहिली नाहीत. ही आनंदाची गोष्ट आहे. यात माझाही थोडा हात आहे, ते मी मान खाली घालून वगैरे सांगणार नाही.

माझं माहेर निंबर्ग्याच्या बाजूचं. धनगराचं घर. एकाच आठवड्यात मला आणि धाकट्या बहिणीला देवी आल्या. दाराला लिंबाचे डहाळे लावले, घरात फोडणी बंद झाली, शेजारपाजार येईनासा झाला. आम्हा दोघींना एकाच घोंगडीवर लिंबाचा पाला पसरून निजवलं होतं. अकराव्या दिवशी माझा उजवा डोळा गेला आणि बाराव्या दिवशी बहीण गेली. आई पुढं जन्मभर म्हणायची, "देवीनं एक नेली, एक ठिवली." मी विचारायची, "कामून नेली?" तर म्हणायची, "आसं इचारू न्हाई."

मी विचारत राहिले. माझा स्वभाव तसा आधीपासूनच होता, देवी यायच्या आधीपासून.

लग्नाचं कुणी नाव काढलं नाही. निजामाचं राज्य गेलं, पोलीस ॲक्शन झाली, आणि त्या गोंधळाच्या वर्षा-दोन वर्षांनी मी कल्याणीच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात झाडलोटीला लागले. आमच्याकडचं कल्याण तेव्हा कल्याणीच होतं आणि राज्य हैदराबादचंच. तिथल्या कंपाउंडरची बायको दुपारी माझी मान धरून मला अक्षरं गिरवायला लावायची. पाटीवर नीट अक्षर आलं नाही की पेन्सिलीनं बोटावर मारायची. आधी मराठी, मग दवाखान्याची रजिस्टरं उर्दूत म्हणून थोडं उर्दू. मला कुणी घडवलं असेल तर त्या बाईनं घडवलं. संकटानं मला साधा 'अ' काढायला शिकवलेलं नाही.

घरातल्या बायका परक्या पुरुषापुढं दंड उघडा करत नसत, म्हणून देवी काढायला एक बाई हवी होती. डॉक्टरसाहेब हैदराबादचे. त्यांनी माझ्याकडं बोट करून सांगितलं, "इसकू तो माता निकलके गई, अब दुबारा नै होती. इसीच कू सिखाव." माझ्या चेहऱ्याचा एवढाच काय तो सरकारी फायदा. विषयाला धरून लिहायचं म्हणून इथे नोंदवून ठेवते.

कामाचं सांगते. लस हैदराबादहून काचेच्या बारीक नळ्यांत यायची. उन्हाशी तिचं हाडवैर. ओल्या वाळूच्या मडक्यात नळ्या रोवून, मडक्याला ओलं फडकं गुंडाळून ते डोक्यावर घेऊन आम्ही हिंडायचो. पोराचा दंड साध्या पाण्यानं धुवायचा, कोरडा करायचा, त्यावर लसीचा थेंब ठेवायचा आणि दाते असलेली एक लहानशी फिरकी त्या थेंबावर दाबून फिरवायची. कातडी खरवडली पाहिजे, पण रक्ताची धार लागता कामा नये. मग थेंब वाळेपर्यंत पोराला उघड्या दंडानं सावलीत बसवायचं. पुसायचं नाही, धुवायचं नाही, पदर लागू द्यायचा नाही. टोचायला एक मिनिट लागतं आणि वाळायला पाव तास. ही नोकरी त्या पाव तासाची असते. टोचणारीनं समोर बसून राहायचं, पोरावरची नजर काढायची नाही.

आठव्या दिवशी त्याच गावात परत जायचं. दंडावर टपोरा फोड आला असेल तर लस लागली, पोर सुटलं. दंड कोरा असेल तर सगळी मेहनत पाण्यात.

लोक नाना तऱ्हांनी फसवायचे. राजेश्वरच्या वाटेवर एका देशमुखांच्या घरी पडदा कडक. मला सांगितलं, पडद्याबाहेर बसा, हात बाहेर येतील. एक हात आला, टोचला. दुसरा आला, टोचला. तिसरा आला तेव्हा मी तो धरूनच ठेवला, कारण तिन्ही हातांत हिरव्या चार बांगड्या आणि करंगळीला एकच भाजल्याचा डाग! मी म्हणाले, "वहिनीसाहेब, ह्या पोरीच्या दंडाची चाळण झाली, आता दुसरा दंड काढा की." आतून खसखसा हसणं, आणि मग एकेक करून घरातल्या सगळ्या बाया निमूट बाहेर आल्या. सगळ्यांच्या वतीनं हात पुढं करणारी ती मोलकरीण पोर तेवढी मला बघून रडायला लागली. तिला मी माझ्याजवळचा गूळ दिला.

बहुतेक गावांत माझा चेहरा मला उपयोगी पडायचा. नकार आला की मी पदर मागं सारायची आणि म्हणायची, "हे बघा. आसं हुतंय. पायजे का?" बहुतेक आया तिथेच पोराची बाही वर करायच्या. एका गावात मात्र हाच चेहरा उलटा पडला, आणि तीच गोष्ट मला सांगायची आहे.

गाव मंठाळच्या पलीकडचं. नाव लिहीत नाही, तिथली नातवंडं आता शिकून साहेब झाली आहेत आणि हा अंक वाचतात. फाल्गुनाचे दिवस, ज्वारीची काढणी झालेली. गावाबाहेर लिंबाखाली देवीचं ठाणं होतं आणि ते सांभाळणारी म्हातारी होती. तिला तिच्या सुनेसकट सगळं गाव अक्का म्हणायचं. साठीची, काठीसारखी ताठ, बोलली की मारुतीच्या पारापर्यंत ऐकू जायचं. चाळीस वर्षांपूर्वी एकाच वर्षी तिची दोन लेकरं देवीनं गेली होती. ठाण्यात दोन लहान दगड होते, त्यांना ती रोज तेल-कुंकू लावायची. त्यांची नावं कुणी घेत नसे. ती स्वतःही नुसतं 'देवीची लेकरं' म्हणायची. मागून झालेला एक मुलगा तेवढा राहिला. त्याची बायको गंगू आणि त्यांची सहा वर्षांची पोर शेवंता. शेवंता म्हणजे अक्काचा जीव की प्राण.

माझ्याआधी दोन टोचणारे या गावानं हाकलून दिले होते. मी वेशीत शिरले तशी पोरं कडब्याच्या गंजीत गडप झाली. मी ठाण्यापाशी मडकं उतरवलं आणि नेहमीसारखा पदर मागं सारला. अक्का उठून जवळ आली. तिनं माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं वळवलं आणि एकेका वणावरनं बोट फिरवलं. फुटक्या डोळ्यावर पालथा हात ठेवला. मग वाकून माझ्या पायाला हात लावला.

"आगं माय," ती म्हणाली, "तुझ्या आंगावर नांदून गेलीया की ती! ज्याच्यावर ती नांदती त्याचं ती भलं करती. बग की, धनगराची पोर, सरकारची बाई झालीस. ते काय उगीच व्हय?"

बघा, मांडवातले वक्ते शिकले-सवरलेले आणि अक्का निरक्षर, पण भाषण एकच!

मग तिनं विचारलं, "तिनंच धाडलंय न्हवं तुला?"

आता खरं सांगते. तोवर माझ्या तोंडाला मायेनं कुणी हात लावला नव्हता. मला बघून बाया पोरांचे डोळे झाकायच्या. गर्भारणी वाट बदलायच्या. त्या चेहऱ्यापुढं एक अख्खं गाव वाकायला तयार होतं, आणि शिवाय कामही होऊन जाणार होतं. दवाखान्यानं धाडलं म्हणाले असते तर तिसरी मी हाकलली गेले असते. मी म्हणाले, "व्हय."

एका शब्दानं चाळीसेक पोरं गंजीतनं बाहेर आली. मला पाटावर बसवलं, हळद-कुंकू लावलं, ओटी भरली. पहिला दंड शेवंताचा. बाहुलीसारखं तोंड, एवढे डोळे फाडून माझ्याकडं बघायची, रडली नाही. "दुखायलंय का?" मी विचारलं. "थोडं थोडं," म्हणाली. मी टोचत गेले. टोचलेलं पोर लिंबाच्या पलीकडं अक्काकडं जायचं, ती त्यांना सावलीत बसवत होती. निदान मी तसं धरून चालले. मला उठून बघायला सवड कुठे होती? बाया रांगेनं माझ्या पाया पडत होत्या. माझ्या नोकरीतला तो एकच पाव तास मी पाहिला नाही, आणि देवी बनून बसायला वेळ मिळावा म्हणून पाहिला नाही.

आठव्या दिवशी परत निघाले तेव्हा ओल्या वाळूत पुढच्या गावासाठी आलेल्या ताज्या नळ्या होत्या. वाटेतल्या गावात दोन घरांच्या दारांना लिंबाचे डहाळे लागलेले दिसले. तिथे देवी आल्या होत्या. पाय उचलला. वेशीत आले तर आरतीचं ताट घेऊन बाया उभ्या! अक्का सगळ्यांच्या पुढं, तोंड उजळलेलं.

"निवाली गं बाई, निवाली! येकाच्या बी आंगावर उठलं न्हाई!"

"म्हंजी?"

"म्हंजी बग की!"

मी दंड बघत सुटले. शेवंताचा कोरा. तिच्या मागच्याचा कोरा. एकूण एक दंड कोरे करकरीत. "अक्का, काय केलंस तू?"

"निववलं की," ती अभिमानानं म्हणाली. "तिची टोचणी म्हंजी तापट आसती. तुझं झालं का हिकडं मी लिंबाच्या पाण्यानं हात धुवायची आन् दही-हळद लावायची. येक बी पोर सोडलं न्हाई बग."

आमच्याकडं देवी आली की तिला निववायचं, थंड करायचं, ही रीतच. लहानपणी माझ्याही अंगाला दही लावलेलं. अक्कानं रीत अगदी चोख पाळली होती. चुकले होते ती मी. मीच त्यांना सांगितलं होतं की ही देवीची टोचणी आहे, आणि मग देवीला तापलेली कोण सोडील?

तेवढ्यात गंगू बोलली, हळूच. तिचं माहेर ते वाटेतलंच गाव. "बाई, माझ्या भावाची लेकरं परवा हितं आलती. सगळ्या पोरांत खेळून गेली. काल सांगावा आलाय, थोरल्याच्या आंगावर उठलंय म्हनून."

रोग अंगात शिरल्यावर तीन-चार दिवसांत लस टोचली तर पोर वाचण्याची आशा असते. त्यानंतर काही खरं नाही. परवा आणि आज. शेवंता आपल्या मामेभावानं दिलेला भोवरा हातात घेऊन समोर उभी होती.

मनात पहिला विचार काय आला असेल? दुसरं खोटं. देवीनं सांगितलंय पुन्हा टोच, आणि ह्या वेळी धुवू नका. किती सोपं होतं! पण मी त्याच मातीतली. मला ठाऊक होतं, मी हजार वेळा बजावलं असतं तरी घरी गेल्यावर कुठल्या तरी आईनं भीतीपोटी गुपचूप दंड धुतला असता. त्या टोचणीत देवी आहे तोवर तो दंड धुतला जाणार. टोचणीतनं देवीला बाहेर काढल्याशिवाय शेवंता वाचत नव्हती.

"अक्का," मी म्हणाले, "मी खोटं बोलले. मला देवीनं धाडलं न्हाई. दवाखान्यानं धाडलंय. ही लस हाय, आवशीद हाय, आन् तू ती धुवून टाकलीस. तुझी चूक न्हाई, माझी हाय. पुन्ना टोचावं लागतंय. आत्ताच."

आरतीचं ताट खाली गेलं. मागून एक गडी ओरडला, "काढा हिला भाईर! देवीच्या नावानं ओटी भरून घेतली रांडेनं!" तो आपली पोरं ओढत तरातरा निघून गेला. आणखी दोघं-तिघं हलले. अक्कानं हात वर केला तसे थांबले.

"मग ह्या तोंडावर काय हाय?" तिनं विचारलं.

"रोगाचे वण हायेत."

"ती नांदली न्हाई तुझ्यावर?"

"नांदली न्हाई अक्का, नासधूस करून गेली. माझी धाकटी बहीण माझ्या शेजारी मेली. तिचा हात माझ्या हातात हुता, आन् तो गार झालेला मला सकाळी कळलं."

"संकटातनं मानूस पक्कं हुतंय, पोरी," अक्का म्हणाली, पण आवाज मारुतीच्या पारापर्यंत जाणारा नव्हता. "तू झालीस की."

मला असा संताप आला की काय सांगू! "मी आदीच पक्की हुते! सात वर्सांची आसताना कोल्ह्याला दगूड हाणून कोकरू सोडवलंय मी. तवा कुठं आलत्या देवी? आन् माझी बहीण काय कच्ची हुती व्हय?"

अक्का ठाण्यातल्या त्या दोन दगडांकडं बघत होती. मान न वळवता तिनं विचारलं, "म्हंजी माझी दोन लेकरं उगीच गेली?"

मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची होते. तिनं चाळीस वर्षं जे छातीशी धरून दिवस काढले, ते मी तिच्या हातातनं ओढून घेत होते. आज मला वाटतं, थोडं मऊ बोलता आलं असतं. पण मऊ बोलायला वेळ कुठे होता? भोवरा घेतलेली पोर समोर उभी होती.

"व्हय अक्का," मी म्हणाले. "उगीच गेली. माझी बहीण बी उगीच गेली. तवा कुणी टोचायला आलं आसतं तर तिघं बी ऱ्हायली आसती."

अक्का दगडांपाशी जाऊन बसली. रडली नाही. दोन्ही दगडांवर हात ठेवून बसून राहिली. गंगू तोंडात पदर कोंबून उभी. मी मडक्यावरचं फडकं उगीच ओलं करत राहिले, कारण हातांना काहीतरी पाहिजे होतं.

मग ती उठली. लिंबाच्या पाण्याची घागर तिथेच भरून ठेवलेली होती, तिला तिनं पायानं लाथाडलं. पाणी धुळीत गेलं. "शेवंते, हिकडं ये," म्हणाली. पोरीची बाही स्वतःच्या हातानं खांद्यापर्यंत दुमडली आणि माझ्यापुढं केली. "टोच."

मी टोचलं. अक्का आपली काठी घेऊन सावलीत पोरांच्या समोर बसली आणि बायांना म्हणाली, "जिनं ह्या दंडांला पानी लावलं तिचा हात मोडीन. घरी गेल्यावर लावलं तरी मला कळंल." आणि तो पाव तास तिनं राखला. माझ्यापेक्षा चांगला राखला. पुढचे आठ दिवस ती दारोदार फिरून दंड तपासत होती, हे मला गंगूनं सांगितलं.

आठव्या दिवशी टपोरे फोड. शेवंताला एक दिवस ताप आला, तिनं लाडू मागितला आणि उठून खेळायला गेली.

महिन्याच्या आत गावात देवी आल्याच. ज्या गड्यानं पोरं ओढून नेली होती, त्याच घरात आल्या. त्याचा पाच वर्षांचा मुलगा गेला. तो माणूस मला दुष्ट वाटत नाही. मी पहिल्याच दिवशी खोटं बोलले नसते तर त्याला एवढा राग आलाही नसता. नोकरीत मला कधी कुणी त्याबद्दल जाब विचारला नाही, रजिस्टरात ती ओळ नाही. मी मात्र ती विसरलेली नाही, आणि त्या पश्चात्तापानं माझं काहीतरी भलं केलं असं कुणी म्हणालं तर त्यालाही मी मांडवातल्यासारखंच उत्तर देईन.

पुढं छप्पन साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, रजिस्टरं कन्नडात आली, मी तेही शिकले. ते एक राहू द्या.

मांडवातल्या त्या सभेनंतर लोक पांगले आणि एक बाई माझ्याकडं आली. चाळिशी ओलांडलेली, अंगानं चांगली भरलेली, जरीचा काठ, तोंडात पान. "वळखलं का बाई?" म्हणाली. मला ओळखेना. तिनं ब्लाऊजची बाही वर सरकवली. दंडावर रुपयाएवढा, फिकट, गोल वण.

"शेवंता?"

"व्हय की!"

मी तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. नितळ तोंड, कपाळावर घाम, गालावर पानाचा शिंतोडा. विचारलं, "काय करतीस बाई?" तर म्हणाली, "काय न्हाई. गुलबर्ग्याला असतो आमी. दोन पोरी कॉलेजात हायेत. नवऱ्यासंगं भांडते, पिक्चर बगते, दुपारी पोटभर झोपते." "संकटं?" मी विचारलं. "तशी कायबी न्हाईत हो," ती म्हणाली, जरा लाजूनच, जणू काही राहून गेलं. तेवढ्यात मांडवात कुणाचं तरी लेकरू रडायला लागलं. तिनं न विचारता पिशवीतनं केळं काढून, सोलून त्याच्या हातात दिलं आणि माझ्याशी बोलत राहिली.

आळशी, बडबडी, मायाळू बाई. कुठल्याही ऐरणीवर न ठेवता घडलेली. वक्त्यांना हाक मारून दाखवावी असं वाटलं, पण ते निघून गेले होते.

मी अक्काचं विचारलं. शेवंता म्हणाली, "आजी त्या दिसापासनं दगडांला कुकू लावीना झाली. तेल तेवढं लावायची, लेकराच्या टाळूला लावत्यात तसं. आन् नावं घ्यायला लागली. आदी आमाला नावंच म्हाईत नव्हती. मरूस्तोर माझा हा दंड चाचपायची आन् म्हनायची, नागू, सोना, ही बगा तुमच्या भावाची लेक."

तर संपादकसाहेब, संकटांनी काय दिलं ते तुम्ही विचारलंत. काय नेलं तेवढं मला नक्की सांगता येतं. नागू, तीन वर्षांचा. सोना, पाच वर्षांची. त्या रागावलेल्या गड्याचा माणिक, पाच वर्षांचा. आणि माझी धाकटी बहीण. ती मेल्यावर आमच्या घरातही तिचं नाव कुणी घेतलं नाही, मी स्वतः आजवर कुठे लिहिलं नाही, या लेखातही इथपर्यंत टाळत आले. तिचं नाव काशी. सहा वर्षांची होती. तिला शिट्टी वाजवता यायची, मेंढ्या माझ्या हाकेपेक्षा तिच्या शिट्टीला लवकर यायच्या.

जागा कमी पडली तर माझ्याबद्दलचं काहीही कापा. ही चार नावं कापू नका.